आभाळ किती प्यालं

आज संध्याकाळी एक परात घ्या. पितळी असो, स्टीलची असो. काठ जरा उभे असले म्हणजे झालं. गच्चीवर किंवा अंगणात, दिवसभर ऊन येईल अशा जागी ती दोन विटांवर ठेवा. विटा अशासाठी की खालूनही वारा खेळावा. परात डुगडुगत नाही ना, एवढं बघून तिच्यात पाणी भरा. काठोकाठ नको, दोन बोटं कमी. पाणी जिथे टेकलंय तिथे आतून एक बारीक खूण करा. आणि मग काहीही न करता थोडा वेळ तिच्याशेजारी बसा.

डोळे मिटायचे नाहीत. हे मनन उघड्या डोळ्यांनी करायचं आहे. भरताना उठलेल्या लाटा काठाला धडकून परत येतील, एकमेकींत मिसळतील, निवतील. पाणी स्थिर झालं की त्यात आभाळ दिसू लागेल. बघत राहा. पाण्याच्या वरच्या थरातून सूक्ष्म कण निसटून हवेत चालले आहेत. हवेतले काही परत पाण्यात येत आहेत. जाणारे जास्त, येणारे कमी. कोरडवाहू मुलखातलं सगळं जगणं या फरकावर बेतलेलं असतं आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून खूण करायची. म्हणून उद्या पुन्हा याच वेळी इथे यायचं.

मला ही परात सुचली ती एका कृषी विद्यापीठाच्या आवारात. तिथल्या हवामान वेधशाळेचा चौकोन तारेच्या कुंपणाने वेगळा केलेला होता. आत पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी, तिच्यात तापमापकं. पर्जन्यमापक. एका खांबावर काचेचा भरीव गोळा. सूर्य सरकतो तसा या गोळ्यातून एकवटलेला किरण मागच्या कागदी पट्टीवर जळकी रेघ ओढत जातो. ढग आला की रेघ तुटते. त्या दिवसाचं ऊन त्या दिवसाने स्वतःच पट्टीवर लिहून ठेवलेलं असतं. आणि एका बाजूला, लाकडी चौकटीवर, आपल्या परातीचं मोठं भावंड. बाष्पीभवन पात्र. तिथली माणसं त्याला नुसतं ‘पॅन’ म्हणतात.

तोंड १२२ सेंटिमीटर रुंद, खोली साडेपंचवीस सेंटिमीटर. तांब्याच्या पत्र्याचं, आतून कल्हई केलेलं, बाहेरून पांढरं रंगवलेलं. वर तारेची जाळी, कारण उन्हाळ्यात पाखरं प्यायला येतात आणि पाखरं प्याली ते आभाळाच्या नावावर मांडलं तर हिशेब चुकतो. कुंपणाबाहेर पाखरांसाठी मातीचं वेगळं भांडं ठेवलेलं होतं. कुणी ठेवलं ते मी विचारलं नाही, पण ते भांडंही मला त्या वेधशाळेचाच भाग वाटलं.

पात्रात एका बाजूला एक उभी नळी असते. वाऱ्याने पाणी हललं तरी नळीच्या आत ते शांत राहतं. नळीत मधोमध एक टोकदार काटा. पाण्याची पातळी या काट्याच्या टोकाला नेमकी टेकलेली असावी, एवढाच नियम. रोज सकाळी निरीक्षक येतो. आदल्या दिवसापासून पाणी उडून गेल्यामुळे काट्याचं टोक उघडं पडलेलं असतं. तो मापाच्या नळकांड्याने थोडं थोडं पाणी ओततो, टोकाला पाणी लागेपर्यंत. या नळकांड्याचा व्यास पात्राच्या व्यासाच्या एक दशांश, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ एक शतांश. पात्रातला एक मिलिमीटर भरून काढायला नळकांड्यातलं दहा सेंटिमीटर पाणी लागतं. जे दिसतच नव्हतं ते शंभरपट होऊन हातात येतं. इतकी साधी आणि इतकी देखणी युक्ती मी फार थोड्या उपकरणांत पाहिली आहे.

किती ओतलं ते वहीत लिहायचं. पाऊस झाला असेल तर तो हिशेबात धरायचा. पातळी टोकाच्या वर गेली असेल तर जादा पाणी मोजून काढायचं. उद्या पुन्हा. रविवारी, पाडव्याला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही.

इथे थोडं थांबा. रोज सकाळी पात्रापाशी वाकणाऱ्या त्या माणसाकडे मनातल्या मनात बघा. तो भरतो आणि आभाळ पितं. तो पुन्हा भरतो. त्याच्या हातून त्या दिवशी काही शोध लागत नाही. वहीत एक आकडा वाढतो, एवढंच. आपल्या मनात ‘संशोधन’ म्हटलं की चमकती यंत्रं येतात, पारितोषिकं येतात. मला मात्र त्या शब्दाबरोबर हा वाकलेला माणूस आठवतो. मराठीत ‘शोधणं’ म्हणजे हरवलेलं हुडकणं, आणि पाण्याच्या बाबतीत आपण नेमकं तेच करत असतो. गेलं कुठे?

आता वहीतला आकडा जरा मोठ्या जमिनीवर पसरून बघू. एका चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हेक्टरभर रानावर दहा हजार लिटर. दख्खनच्या पठारावर मे महिन्यात हे पात्र दिवसाला दहा मिलिमीटरहून जास्त देतं. मोठ्या जलाशयावरून पात्राइतकं पाणी उडत नाही, त्यापेक्षा बरंच कमी धरावं लागतं, आणि तरीही पैठणच्या नाथसागराकडे बघा. जायकवाडीचा हा जलाशय उथळ आणि पसरट. पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पाणी उन्हात आडवं पडलेलं असतं. त्यावरून एक मिलिमीटर उडालं तर ३५ कोटी लिटर गेलं. एका मिलिमीटरला. पाण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा एकमेकांशी भांडतात, कोर्टात जातात. या तिसऱ्या वाटेकऱ्याला कुणी नोटीस देऊ शकत नाही.

सोलापूरकडे वर्षाला सरासरी सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथलं ऊन आणि वारा वर्षभरात मागतात त्याच्या दुपटीहून जास्त. मिळकतीच्या दुपटीने खर्च असलेलं हे घर हजारो वर्षं चाललंय, ते मातीने आणि माणसांनी पाणी लपवून ठेवायला शिकल्यामुळे. त्याकडे आपण येऊच. आधी हे पाणी उडवतं कोण, ते अंगावर घेऊन बघायचं आहे.

परातीत बोटं बुडवा. ओला हात बाहेर काढून त्याच्या पाठीवर हळूच फुंकर घाला.

गार लागलं. पुन्हा एकदा, सावकाश. हा गारवा आला कुठून? फुंकर तर कोमट होती. हातावरचं पाणी जाताना तुमच्या कातडीतली उष्णता घेऊन गेलं. पाण्याला हवेत जायचं तर वाटखर्च लागतो आणि तो ते ज्याच्याजवळ असेल त्याच्याकडून घेतं. घरातला माठ याच कारणाने गार असतो. तो पाझरतो, पाझरलेलं उडतं, आणि वाटखर्च आतल्या पाण्याकडून वसूल होतो. पाझर बुजलेला जुना माठ पाणी गार करत नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं.

हा वाटखर्च किती? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट ऊर्जा लागते. विजेच्या बिलावर असतं तेच युनिट. चहाचं आधण ठेवताना लिटरभर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ आठपट. परातीतून उद्यापर्यंत जे काही जाईल, त्यासाठी सूर्याने एवढी मेहनत केलेली असेल, आवाज न करता, तुमच्या गच्चीवर.

आता आणखी एक हिशेब शेजारी ठेवते. तीस मीटर, म्हणजे शंभर फूट खोल विहिरीतून एक हजार लिटर पाणी वर काढायला नुसतं वजन उचलण्याचे ०.०८ युनिट लागतात. पंप निम्मी वीज वाया घालवतो असं धरलं तर ०.१६. तेच हजार लिटर वाफ होऊन उडून जायला ६८० युनिट. परातीच्या शेजारी एक चौरस मीटरचं सौर पॅनेल मांडा. चांगल्या उन्हाच्या दिवशी ते साधारण एक युनिट वीज देईल. त्या विजेवर शंभर फुटांवरून सहा हजार लिटर पाणी वर येऊ शकतं. आणि तेवढ्याच उन्हाने, तेवढ्याच जागेत पसरलेल्या पाण्यातून उडतात आठ-दहा लिटर.

या दोन आकड्यांपाशी बसा. घाई नको. सहा हजार आणि आठ. ऊन तेच, जागा तेवढीच. पाणी वर काढणं सूर्याला किती स्वस्त आणि उडवणं किती महाग! तरी तो उडवण्याचंच काम दिवसभर करत असतो, कारण पृथ्वीवरचा प्रत्येक ढग त्या महागड्या कामातून झाला आहे. म्हणजे हा खर्च वाया जात नाही. आपल्या पावसाची रक्कम आधी कुणाच्या तरी समुद्रातून, कुणाच्या तरी रानातून अशीच उचललेली असते. विद्यापीठांत पाण्याचा विभाग एका इमारतीत आणि अक्षय ऊर्जेचा दुसऱ्या. परातीपाशी बसलं की त्या दोन इमारतींमधला रस्ता ओलांडावाच लागत नाही.

हा जमाखर्च पहिल्यांदा एका समीकरणात नीट बांधला तो हॉवर्ड पेनमन यांनी. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात काम करणारे हे भौतिकशास्त्रज्ञ. उघड्या पाण्यातून, उघड्या मातीतून आणि गवतातून किती पाणी उडतं यावरचा त्यांचा निबंध १९४८ साली आला. त्यांनी दोन धागे एकत्र आणले, उन्हाने दिलेली ऊर्जा आणि कोरड्या वाऱ्याची ओढ. ओले कपडे दोरीवर घालणाऱ्या कुणालाही हे दोन्ही माहीत असतात. कडक ऊन असून वारा पडला तर लवकर वाळत नाहीत, आणि सावलीतही वारा असला तर वाळतात. पेनमननी त्या दोघांचा वाटा किती ते मांडलं. पुढे जॉन मॉन्टीथ यांनी त्यात झाड आणलं. पानांवरच्या सूक्ष्म तोंडांतून पाणी बाहेर पडताना झाड स्वतः किती अडवतं, याचा हिशेब त्यांनी १९६५ मध्ये जोडला. मॉन्टीथ नॉटिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि पुढे हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या संशोधन संस्थेत, आपल्या ज्वारी-बाजरीच्या मुलखातही काम करून गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने १९९८ साली या दोघांच्या नावाचं समीकरण जगभरासाठी प्रमाण धरलं. त्या प्रमाणाच्या मुळाशी एक कल्पित हिरवळ आहे. बारा सेंटिमीटर उंच, एकसारखी, पाण्याला न तहानलेली. ऐन वाढीतला ऊस या हिरवळीच्या सव्वापट पाणी मागतो. जगातल्या सगळ्या पिकांची तहान त्या न पिकलेल्या गवताशी ताडून सांगतात.

आपल्याकडे हे ज्ञान शेतापर्यंत गेलं ते पुन्हा त्या तांब्याच्या पात्राच्या वाटेने. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात प्रिहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात गव्हाला पाणी कधी द्यायचं याचा सोपा नियम मांडला. तारखा बघू नका, पात्र बघा. मागच्या पाळीपासून पात्रातून रोज किती उडालं ते बेरजेत धरा, आणि बेरीज ठरावीक आकड्याला पोचली की पाण्याची पाळी द्या. देशभरच्या कृषी विद्यापीठांनी मग आपापल्या मातीत, आपापल्या पिकांवर हे प्रयोग केले. मला या नियमातलं एक फार आवडतं. ‘आठ दिवस झाले, पाणी द्या’ हे घड्याळाचं बोलणं आहे. ‘आभाळ एवढं प्यालं, आता पिकाला तहान लागली असेल’ यात दुसऱ्याच्या घशाचा विचार आहे.

आता गोष्ट त्या वह्यांची. सांगताना मी जरा रेंगाळणार आहे.

पन्नास-पन्नास वर्षं जगभर लोक पात्रं भरत होते आणि आकडे लिहीत होते. पृथ्वी तापते आहे हे कळल्यावर सगळ्यांनी साहजिकच गृहीत धरलं की पात्रांतून आता जास्त पाणी उडत असणार. १९९५ साली काही शास्त्रज्ञांनी अमेरिका आणि जुन्या सोव्हिएत संघातल्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. आकडे कमी होत चालले होते. १९९७ मध्ये भारतीय हवामान खात्याचे एन. चट्टोपाध्याय आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे माइक ह्यूम यांनी भारतातल्या नोंदी तपासल्या. इथेही तेच. तापमान वर, बाष्पीभवन खाली.

अशा वेळी सोपं काय असतं? उपकरणाला दोष देणं. निरीक्षकाने आळस केला असेल म्हणणं. पण इतक्या देशांत, इतक्या हातांनी, एकाच दिशेने चूक व्हावी? ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठातल्या मायकल रॉडरिक आणि ग्रॅहम फार्कर यांनी २००२ साली एक उलगडा पुढे ठेवला. पात्राला तापमानापेक्षा उन्हाशी जास्त देणंघेणं आहे, आणि धूर, धूलिकण, ढग यांमुळे जमिनीपर्यंत पोचणारं ऊनच त्या दशकांत कमी झालं होतं. नंतर ऑस्ट्रेलियातल्याच नोंदींवरून दिसलं की तिथे मुख्य कारण वारा मंदावणं हे होतं. भारतात हवेतली वाढलेली आर्द्रताही त्यात असल्याचं चट्टोपाध्याय-ह्यूम यांना दिसलं होतं. एकच उत्तर सगळीकडे लागू पडलं नाही, आणि ते तसं लादलंही गेलं नाही.

क्षणभर त्या अनाम निरीक्षकांचा विचार करा. १९६० मध्ये कुठल्या तरी तालुक्याच्या ठिकाणी सायकलवरून येऊन पात्र भरणाऱ्या माणसाला आपण आभाळातल्या धुराची नोंद करतो आहोत हे माहीत नव्हतं. तो फक्त खोटं लिहीत नव्हता. आळस आला तेव्हा कालचाच आकडा पुन्हा उतरवला नाही. त्याच्या प्रामाणिकपणाचा उपयोग त्याच्या निवृत्तीनंतर, कदाचित त्याच्या पश्चात, समुद्रापारच्या लोकांना झाला. आणि तो धूर सौर पॅनेलांच्याही वाट्याचं ऊन खातो. शहरावर धुरकट चादर पसरली की छपरावरची वीज घटते. त्याची खबर एका कल्हईच्या भांड्यानेही दिली होती.

परातीतलं आभाळ आता काळोखायला लागलं असेल. बसल्या जागेवरून एक मूठ माती उचला. कुंडीतली चालेल. दाबून तिचा गोळा करा, मग बोटं सैल सोडा. गोळा झाला आणि हलक्या हाताने फुटला, तर ती माती वाफशावर आहे.

वाफसा. या शब्दापाशी मी कितीदा थांबले असेन. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही, मुळांना श्वास घेता येतो आणि पिताही येतं, अशी ही अवस्था. चिखल नाही, धूळ नाही. आणि तिच्या नावात वाफ आहे. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी मातीच्या आतलं हवापाणी नाकाने ओळखलं होतं.

हा वाफसा टिकवायचा कसा, याचं शास्त्र आपल्याकडे शंभर वर्षांचं आहे. मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची सुरुवात १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला झाली. १९३३ मध्ये सोलापूरचं केंद्र सुरू झालं, एन. व्ही. कानिटकर यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. हे केंद्र आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. भारी काळ्या मातीचा स्वभाव तिथे वर्षानुवर्षं मोजला गेला. ती पावसात फुगते, वाळताना भेगाळते. भेग म्हणजे जमिनीला पडलेलं दारच. त्यातून ऊन-वारा खोल उतरतो आणि जी ओल सुरक्षित होती तिच्यापर्यंत पोचतो.

त्यावर रब्बी ज्वारीसाठी केलेली शिफारस तीन ओळींची. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने पहिली कोळपणी. पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने दुसरी. आठव्या आठवड्यात, जेव्हा भेगा पडू लागतात, तेव्हा दातेरी कोळप्याने तिसरी, म्हणजे भेगा मातीने बुजतात. वरचा थर भुसभुशीत झाला की खालून वर चढणाऱ्या ओलीची वाट तुटते. कोरड्या धुळीचं पांघरूण ओल्या मातीवर पडतं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ ही म्हण आपल्याकडे जुनी. संशोधनाने तिला हसून बाजूला सारलं नाही. आठवडे ठरवून दिले, कोळप्याचा दात ठरवून दिला, आणि ती शेतकऱ्याला परत केली. विद्यापीठाने समाजाशी कसं बोलावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पाणी झाकण्याची हीच गोष्ट आज वेगळ्या साधनांनी पुन्हा सांगितली जाते आहे. ॲरिझोना विद्यापीठाच्या ग्रेग बॅरन-गॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी टूसॉनजवळच्या वाळवंटात उंच मांडवावर सौर पॅनेलं चढवून त्यांच्या सावलीत भाज्या लावल्या. २०१९ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. चेरी टोमॅटो दुप्पट लागले, तिकडची चिल्टेपिन नावाची रानमिरची तिप्पट. पाणी दिल्यावर दोन दिवसांनीही सावलीतल्या मातीत उघड्यापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त ओल होती. आणि झाडांनी सोडलेल्या वाफेने वरची पॅनेलं गार ठेवली, दिवसा जवळजवळ ९ अंशांनी. तापलेलं पॅनेल कमी वीज देतं, म्हणजे खालच्या मिरचीने सावलीचं भाडं वर चुकतं केलं! आपल्या ज्वारीला मात्र भरपूर ऊन लागतं. ॲरिझोनाची मिरची डोळे झाकून इथे आणता यायची नाही. कुठलं पीक किती सावली सोसतं हे आपल्याच रानांत, आपल्याच पात्रांशेजारी मोजावं लागेल.

गुजरातेत कडीजवळ नर्मदेच्या कालव्यावर २०१२ साली साडेसातशे मीटर लांबीची सौर पॅनेलं बसवली गेली, एक मेगावॉटची. खाली पाणी सावलीत, वर वीज. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हिशेब केला की त्यांच्या राज्यातले सुमारे ६,३५० किलोमीटर कालवे असे झाकले तर वर्षाला २३,८०० कोटी लिटर पाणी वाचू शकतं. कल्पना कडीच्या कालव्यावर आधी उभी राहिली होती, हे नमूद करताना मला आनंद होतो.

एक गोष्ट मला सलते, ती इथे बोलते. गावोगावी प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यांत साठवलं तर फारच उत्तम. पण अनेक ठिकाणी विहिरीचं, बोअरचं पाणी उपसून त्यांत भरलं जातं. जमिनीने खडकात, अंधारात, सूर्यापासून लपवून ठेवलेलं पाणी आपण वर काढतो आणि त्याच्यासमोर पसरून ठेवतो. तीस बाय तीस मीटरचं तळं, ऐन उन्हाळ्यात दिवसाला दहा मिलिमीटर, म्हणजे नऊ हजार लिटर. रोज. आणि वर काढण्याची वीज आता सौरपंपाने बिनखर्चाची होत चालली आहे. रात्री-अपरात्री सापाविंचवाच्या भीतीत मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाची हक्काची वीज मिळते, ही सौरपंपाची देणगी मी कमी लेखत नाही. ती फार मोठी आहे. पण पंप सूर्याचा झाला म्हणून विहीर सूर्याची होत नाही. विहिरीला पाणी पावसाच्याच गतीने येतं. ज्या विद्यापीठांत पंपाची चाचणी होते तिथेच, त्याच टेबलावर, उपशाची मर्यादाही ठरायला हवी, आणि हे तातडीचं आहे.

आता उठा. परात तशीच राहू द्या. रात्री ती फारशी रिकामी होणार नाही. वारा असेल तर थोडी. खरं पिणं उद्या दुपारी. उद्या दिवसभरात तुम्ही कामात असाल, बसमध्ये, दुकानात, वर्गात. मधूनच एखाद्या क्षणी आठवा की गच्चीवर ती परात आहे आणि तिच्यातून पाणी चाललं आहे. तुमच्या कपाळावरच्या घामातूनही. रस्त्यावरच्या कडुनिंबातूनही. एक लांब श्वास सोडा; त्यातही ओल होती, तीही गेली.

संध्याकाळी पुन्हा जा. खूण उघडी पडली असेल. पट्टी उभी धरून बघा, चार, पाच, कदाचित सात मिलिमीटर. मग मापाच्या पेल्याने पाणी ओता, धार बारीक ठेवून, मोजत. खुणेपाशी आलं की हात आवरता घ्या. शेवटचे काही थेंब बोटावरून सोडा.

आणि खाली येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच्या चौकटीत लिहा. दुधाचे खाडे मांडता तिथेच, त्याच पेनाने. दूध एक लिटर. आभाळ पाच मिलिमीटर.